पडकं घर भाड्यानं द्यायला घेतलंय: किती दुरुस्त करायचं आणि कुठे थांबायचं

माझं पहिलं पडकं घर मी स्वतःला राहायचं असल्यासारखं सजवलं. नवा ओटा, आवाज न करता मिटणारी कपाटं, बैठकीच्या खोलीत छतात लपवलेले दिवे. घर बघायला पहिलं जोडपं आलं. बाईंनी सरळ बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि खिडकीची कडी दोनदा लावून-काढून बघितली. छताकडे दोघांपैकी कुणाची नजरही गेली नाही. शेजारच्या साध्यासुध्या घरापेक्षा भाडं मिळालं ते नावापुरतं जास्त.

दुसऱ्या घराच्या वेळी मी शहाणा झालो, निदान मला तसं वाटलं. रंग, नवे नळ, बाथरूमला नव्या टाइल्स, बास. सातव्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मोबाइलवर त्यांच्या छताचा फोटो घेऊन दारात उभे. टाइल्सच्या मागची जुनी लोखंडी पाइप मी तशीच ठेवली होती. नव्या टाइल्स फोडल्या, पाइप बदलली, पुन्हा टाइल्स बसवल्या. एकाच भिंतीचे पैसे दोनदा मोजले आणि मधल्या तीन आठवड्यांचं भाडं माफ करावं लागलं.

पहिल्यांदा घर घेणारा बहुतेक या दोनांपैकी एका टोकाला जातो. मधली जागा शोधायला मला पुढे एक साधं माप सापडलं: खर्च पैशांत न मोजता भाड्याच्या महिन्यांत मोजायचा. घराचं महिन्याचं भाडं 100 धरलं तर 500 चं काम म्हणजे पाच महिने. असं मोजलं की कंत्राटदाराच्या कोटेशनमधले मोठाले आकडे एकदम ओळखीचे वाटायला लागतात. या लेखातले सगळे आकडे याच मापात आहेत. पण दोन गोष्टी या मापाला अपवाद आहेत, त्या आधी बघू.

घर घाण आहे, थकलंय की आजारी आहे?

"मोडकळीस आलेलं" या एका शब्दात तीन अगदी वेगळी घरं येतात.

घाण घर म्हणजे ज्यात वर्षानुवर्षांचा कचरा आहे, वास आहे, भिंती काळ्या आहेत, पण हाडं शाबूत आहेत. थकलेल्या घरातल्या वस्तूंचं आयुष्य संपलेलं असतं: फरशी झिजलेली, खिडक्या अडकणाऱ्या, नळ गळणारे, बटणं सैल. आजारी घरात पाणी मुरतंय, सळया गंजल्यात, वायरिंग धोक्याचं आहे किंवा लाकडाला वाळवी लागली आहे.

गंमत अशी की घर बघायला गेलेला माणूस सर्वात जास्त बिचकतो तो वासाला आणि घाणीला, आणि ती काढायला सर्वात कमी खर्च येतो. आजारी घर मात्र पांढराशुभ्र रंग मारून उभं असतं. म्हणून नवख्यानं पहिला व्यवहार घाण घराचा करावा, थकलेल्याचा चालेल. आजारी घर घ्यायचं तर आजाराचं नाव आणि उपचाराचा खर्च हातात आल्यावरच.

पायरी 1: जास्तीत जास्त भाडं किती मिळेल ते आधी ठरवा

दुरुस्तीचा विचार घरातून सुरू करू नका, गल्लीतून करा. त्या भागातली रिकामी घरं भाडेकरू म्हणून जाऊन बघा, किमान सहा-सात. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी टिपा: भाडं किती मागतात, घर किती दिवस रिकामं आहे, आणि आत काय आहे. मागितलेलं भाडं आणि खरोखर ठरलेलं भाडं यांत फरक असतो, म्हणून नुकतीच भाड्यानं गेलेली घरं कळली तर त्यांचा आकडा जास्त खरा.

या फेरीतून दोन रेषा दिसतात. खालची रेषा म्हणजे ज्याच्याखाली घर रिकामंच पडून राहतं. बहुधा त्या घरात पाण्याची किंवा संडास-बाथरूमची काहीतरी रड असते. वरची रेषा म्हणजे त्या गल्लीत कितीही सजवलं तरी जिच्यापुढे भाडं जात नाही. वरच्या रेषेपेक्षा जास्त भाडं देऊ शकणारा माणूस त्या गल्लीत राहायला येतच नाही, तो दुसरीकडे जातो. तुमच्या नव्या ओट्यानं गल्ली बदलत नाही.

या दोन रेषांमधलं अंतर हेच तुमचं मैदान. अंतर कमी असेल तर फार खर्च करायला जागाच नाही, मग घर कितीही मोहात पाडो. माझ्या पहिल्या घराच्या गल्लीत हे अंतर जेमतेम दहा टक्क्यांचं होतं. एक रविवार फिरलो असतो तर कळलं असतं.

पायरी 2: बॅटरी, हातोडी, बादली

तपासणीला इंजिनिअर न्याच, विशेषतः इमारत जुनी असेल तर. पण त्याच्या आधी स्वतः एक चक्कर मारा. बरोबर बॅटरी, छोटी हातोडी, बादली, मोजपट्टी आणि वही. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर जा. कोरड्या दिवसांत भिंती खोटं बोलतात.

पाणी कुठे मुरतंय, हा पहिला प्रश्न. घराची सर्वात जास्त नासाडी पाणीच करतं. ओलीचा डाग जमिनीलगत असेल आणि साधारण एक मीटरच्या वर गेला नसेल, तर पाणी जमिनीतून चढत असण्याचा संभव आहे. डाग छताजवळ किंवा मधेच असेल तर पाणी वरून, बाहेरून किंवा पाइपमधून येतंय. भिंतीवर पांढरी भुकटी, म्हणजे खार फुटला असेल, तर तिथून बराच काळ पाणी येऊन वाळत आलंय. अशा भिंतीवर आतून जलरोधक रंग मारणं हा सर्वात लोकप्रिय आणि सर्वात निरुपयोगी उपाय. ओल आत कोंडते आणि वर्षभरात रंगाचे पोपडे सुटतात. पाणी जिथून शिरतंय तिथेच अडवावं लागतं.

मग मीटर. घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहून घ्या, एक तास थांबा. काटा हलला असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि सकाळी पहिल्यांदा सोडलेल्या नळाला तांबूस पाणी आलं तर पाइप आतून गंजलीय. जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या लोखंडी पाइपा आतल्या बाजूनं गंजत-गंजत अरुंद होतात. दाब कमी येतो तो त्यामुळे, आणि लोक बिचाऱ्या नळाला दोष देतात.

आता हातोडी. स्लॅब, बीम आणि कॉलमवर हलकेच ठोकत जा. चांगलं काँक्रीट टणक, खणखणीत वाजतं. पोकळ, बद आवाज आला तर वरचा थर आतून सुटलाय. कारण असं: ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्या गुणामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत गेला की हा गुण संपतो, त्यात ओल मिळाली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो, आणि तो आतून काँक्रीटला फोडतो. सळईच्या रेषेत लांब सरळ भेग दिसली तर हेच चाललंय. तिथे नुसतं सिमेंट थापून काही होत नाही. सैल भाग काढणं, सळई साफ करणं, गरज असेल तिथे नवी जोडणं, मग पुन्हा भरणं असं ते काम असतं, आणि ते किती करायचं हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच सांगायचं.

भेगांना सरसकट घाबरू नका. प्लास्टरमधल्या एक मिलिमीटरच्या आतल्या केसासारख्या भेगा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघालेल्या, एका टोकाला रुंद होत गेलेल्या किंवा पाच मिलिमीटरपेक्षा मोठ्या भेगा मात्र इंजिनिअरला दाखवा. भेग जुनी आहे की अजून वाढतेय, हे बघायला तिच्यावर आडवी प्लास्टरची पट्टी ओढून तारीख लिहून ठेवायची जुनी पद्धत आजही चालते. पट्टी चिरली म्हणजे भिंत हलतेय.

विजेचा बोर्ड उघडून बघायला वायरमन बोलवा, स्वतः हात घालू नका. त्याला विचारा: अर्थिंग आहे का, वायरी किती जाडीच्या आहेत, जोड कुठे-कुठे आहेत, विजेची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवलाय का. माणसाच्या जिवासाठी तो 30 मिलिअँपिअरचा असावा लागतो. जुन्या घरात अॅल्युमिनियमच्या तारा सापडल्या तर जोड सैल होऊन तापण्याचा धोका जास्त.

लाकडी चौकटी पेचकसानं टोचून बघा. पेचकस लोण्यात शिरावा तसा आत गेला किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. आणि रंग खरवडण्याची किंवा जुने पत्रे तोडण्याची घाई नको. अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग 1978 साली बंद झाला, ब्रिटननं अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी 1999 साली घातली. त्यामुळे जुन्या घरात ही दोन्ही असू शकतात. जागच्या जागी शाबूत असताना त्यांचा त्रास कमी, तोडताना-घासताना उडणारी धूळ घातक. तपासून घ्या, मग जाणत्या माणसांकडूनच काढून घ्या.

पायरी 3: तीन याद्या

घरी येऊन वहीतल्या नोंदी तीन याद्यांत टाका.

पहिली यादी "करायलाच हवं" अशी. पाणी, वीज, आग, छत, बांधकामाची मजबुती, सांडपाणी, दारांची कुलपं. मघाशी म्हटलेला पहिला अपवाद हा. इथे भाड्याचे महिने मोजायचे नाहीत. ज्या घरात भाडेकरूच्या मुलाला बटणाचा शॉक बसू शकतो ते घर भाड्यानं देण्याच्या लायकीचं नाही. ही यादी परवडत नसेल तर घरच परवडत नाही. सौदा मोडा, किंवा किंमत कमी करून मागा.

दुसरी यादी "उघडलंच आहे तर". हा दुसरा अपवाद, आणि नवख्यांचे सर्वात जास्त पैसे बुडतात ते इथे. भिंत किंवा फरशी एकदा उघडली की तिच्या मागचं जे काही जुनं आहे ते त्याच वेळी बदलायचं, मग ते आज चालू का असेना. पाइपची किंमत थोडी असते. तोडणं, राडारोडा उचलणं, पुन्हा प्लास्टर, पुन्हा टाइल्स यांचाच खर्च मोठा, आणि तो तुम्ही आत्ता करतच आहात. माझ्या त्या बाथरूमची भिंत फोडली तेव्हा आत पाइपचा जोड होता, त्यावर कधीतरी कुणीतरी सुतळी गुंडाळून रंग लावलेला. हातानं दाबली तर सुतळीचा लगदा झाला. टाइल्स बसवणाऱ्यानं सात महिन्यांपूर्वी तो जोड पाहिला असणार. पण त्याला टाइल्स बसवायला सांगितलं होतं, पाइप बघायला नाही. चूक माझीच.

याचा उलटा अर्थही तितकाच महत्त्वाचा. जी भिंत कोरडी आहे, जिच्या मागची पाइप चांगली आहे, ती "एवढं काम काढलंच आहे तर" म्हणून उघडू नका. उघडण्याचा निर्णय भिंतीच्या तब्येतीवरून घ्यायचा, टाइल्सच्या रंगावरून नाही.

तिसरी यादी "बरं दिसेल". ओटा, कपाटं, नवी फरशी, दिवे, दारं. या प्रत्येक ओळीला हिशेब द्यावा लागेल, आणि तो पुढच्या पायरीत.

पायरी 4: प्रत्येक टप्पा वेगळा मोजा

कंत्राटदार, दलाल आणि आपलं मन, तिघं मिळून जी चूक करतात ती आकड्यांत बघू. समजा घर आज भाड्यानं जाण्याजोगं नाही. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत.

डागडुजी: खर्च 800, वेळ दीड महिना, त्यानंतर भाडं 100.
मधली दुरुस्ती: खर्च 1800, वेळ तीन महिने, भाडं 120.
कायापालट: खर्च 4000, वेळ सहा महिने, भाडं 130.

कायापालट विकणारा माणूस म्हणेल, "4000 भागिले 130, म्हणजे 31 महिन्यांत पैसे वसूल!" गणित चुकलेलं नाही, प्रश्न चुकलाय. 130 पैकी 100 तर डागडुजीनंही मिळणार होते. विचारायचं ते असं: पुढच्या टप्प्यावर जाताना जादा किती लागतील, आणि जादा किती मिळेल?

डागडुजीवरून मधल्या दुरुस्तीवर जायला 1000 जादा. शिवाय घर दीड महिना जास्त रिकामं राहील, तेव्हाचं 100 दरानं बुडालेलं भाडं 150. एकूण 1150. मिळणार महिन्याला 20 जादा. वसुली 57 ते 58 महिन्यांत, म्हणजे पावणेपाच-पाच वर्षांत. वर्षाला 240, गुंतवणुकीच्या जवळपास 21 टक्के. बरं आहे.

मधल्यावरून कायापालटावर जायला 2200 जादा. आणखी तीन महिने रिकामं, 120 दरानं 360. एकूण 2560. मिळणार महिन्याला फक्त 10. वसुलीला 256 महिने, म्हणजे एकवीस वर्षं. परतावा वर्षाला 4.7 टक्के. एकवीस वर्षांत ते स्वयंपाकघर पुन्हा जुनं झालेलं असेल. कर्जाचा व्याजदर याहून जास्त असेल, आणि बहुतेक असतोच, तर तुम्ही भाडेकरूच्या सुखासाठी दरमहा पदरमोड करताय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हा.

हा हिशेब कोटेशन आल्यावर घरी बसून अर्ध्या तासात होतो. तो तुमच्या आकड्यांनी करा, माझ्या नाही. नियम मात्र तोच: प्रत्येक जादा टप्प्याचा वार्षिक परतावा कर्जाच्या व्याजापेक्षा स्पष्ट जास्त असला पाहिजे. जेमतेम जास्त असेल तर थांबा, कारण भाड्यातून देखभाल, कर आणि रिकामे महिने जायचेत. वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं तर वर्षाच्या भाड्यातले 8.33 टक्के गेले.

काही खर्च भाडं वाढवत नाहीत पण घर रिकामं राहू देत नाहीत. पाण्याचा चांगला दाब, नीट मिटणाऱ्या खिडक्या, खेळती हवा, कपडे वाळत घालायला जागा. अशा घरातला भाडेकरू टिकतो. हिशेब करताना विचारा, यामुळे दोन वर्षांतून एक रिकामा महिना वाचेल का? वाचत असेल तर त्या कामाला दोन वर्षांत एक भाडं मिळालं असं धरा. तिसऱ्या यादीतली निम्मी कामं या कसोटीवर पास होतात, आणि ती बहुतेक स्वस्तातली असतात.

अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांमध्ये 70 टक्क्यांचा एक आडाखा चालतो: दुरुस्तीनंतर घराची जी किंमत होईल तिचे 70 टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, आणि उरेल त्याहून जास्त किंमत द्यायची नाही. आडाखा वाईट नाही, पण तो घर दुरुस्त करून लगेच विकणाऱ्यांचा आहे. विकत घेणारा माणूस ओट्याच्या प्रेमात पडतो, भाडेकरू सहसा पडत नाही. पाच वर्षांत विकायचंच ठरलं असेल तरच कायापालटाचा विचार करा, आणि तोही विकण्याच्या आधी. भाडेकरूंनी पाच वर्षं वापरलेला नवा ओटा विकताना नवा राहत नाही.

पायरी 5: हातचे राखून ठेवा, मग कंत्राटदाराशी बोला

भिंती उघडायच्या नसतील तर कोटेशनवर दहा टक्के जास्त धरा. जुनं घर असेल आणि भिंती-फरश्या उघडायच्या असतील तर वीस ते तीस टक्के. हे राखलेले पैसे तिसऱ्या यादीवर उडवायचे नाहीत, ते भिंतीमागच्या सुतळीसाठी आहेत. शिवाय घर रिकामं असताना हप्ता, कर आणि विजेचं बिल चालूच राहतं, ते वेगळं काढा. विमा असेल तर पॉलिसी वाचा. घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं की अनेक पॉलिसींमध्ये संरक्षण कमी होतं, आणि ते आग लागल्यावर कळतं. भिंत हलवायची, खोल्यांची रचना बदलायची असेल तर परवानगी लागते का ते हातोडा पडण्यापूर्वी विचारा.

बऱ्याच देशांच्या करनियमांत दुरुस्ती आणि सुधारणा यांना वेगळी वागणूक आहे. फुटलेली काच बदलली तर खर्च त्याच वर्षी वजा होतो, अख्खं स्वयंपाकघर नवं केलं तर बऱ्याचदा होत नाही. बिलं वेगवेगळी घ्या आणि कर सल्लागाराला काम सुरू होण्याआधी भेटा.

कोटेशन तिघांकडून घ्या, पण तिघांना तीच लेखी यादी देऊन. "बाथरूम नवं करून द्या" असं सांगितलंत तर तिघं तीन वेगळ्या बाथरूमचे भाव देतील. पाइप कुठल्या मटेरियलची, वॉटरप्रूफिंगचे किती थर, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं लिहा. पैसे टप्प्यांनी द्या, झालेल्या कामाच्या मागे राहून, आणि शेवटचे पाच ते दहा टक्के अडवून ठेवा. सगळे पैसे हातात पडलेला मिस्त्री किरकोळ राहिलेल्या कामासाठी परत आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. चांगले मिस्त्री याचा राग मानत नाहीत.

पायरी 6: कामाचा क्रम

आधी छत आणि बाहेरच्या भिंती, कारण वरून पाणी येत असताना आत केलेलं प्रत्येक काम वाया. मग बांधकामाची मजबुती. मग भिंतीत झिऱ्या पाडून पाइपा आणि वायरिंग. प्लास्टर चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी धरून फोटो काढा. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर हेच फोटो कामाला येतात. पाइपा झाकण्याआधी पाणी भरून, दाब देऊन तपासा.

बाथरूमच्या फरशीचं वॉटरप्रूफिंग झालं की निचऱ्याचं तोंड बंद करून पाणी तुंबवून ठेवा, किमान 24 तास, जमलं तर 48. खालच्या छताला ओल आली नाही तरच टाइल्स बसवा. कंत्राटदार म्हणेल, "अहो, रोजचं काम आहे आमचं, काही होत नाही." हसा आणि पाणी भरा.

सिमेंटच्या नव्या प्लास्टरला सुकायला साधारण 28 दिवस द्या, मग रंग. भाडं बुडतंय म्हणून हे दिवस वाचवावेसे वाटतात. त्या दिवसांत सुतारकाम, टाइल्स, खिडक्या उरकून घ्या. रंग आणि बटणं-नळ शेवटी.

काम सुरू असताना मन फिरतं. टाइल्सच्या दुकानात गेल्यावर तर हमखास. त्यावर माझा एकच उपाय: मधेच सुचलेली प्रत्येक नवी गोष्ट तिसऱ्या यादीत लिहायची, महिन्यांत मोजायची आणि दोन दिवस थांबायचं. दोन दिवसांनी बहुतेक गोष्टी आपोआप कटतात. भिंतीमागे नवा आजार निघाला तर मात्र आधी किती खर्च झाला ते विसरा, कारण ते पैसे गेले. इथून पुढे किती लागणार आणि त्यातून किती मिळणार, एवढंच बघा. इतके घातलेत तर अजून थोडे घालू, असं म्हणत गेलं की बुडत्याचा पाय खोलात.

वस्तू निवडताना एक प्रश्न पुरे: ही तुटली तर पंधरा मिनिटांत बदलता येईल का? भिंतीत गाडलेले नळ देखणे असतात, पण बिघडले की टाइल्स फुटतात. नळ, बिजागऱ्या, बटणं सगळ्या घरभर एकाच जातीची घ्या. रंग सगळ्या खोल्यांत एकच, पुसता येणारा, आणि डब्याचा नंबर लिहून ठेवा. टाइल्स लागतात त्यापेक्षा एक खोकं जास्त आणून ठेवा, दोन वर्षांनी तो नमुना मिळत नाही. मऊ लाकडाच्या महागड्या फरशीचा नाद सोडा.

भाडेकरू येण्याआधी

एक दिवस आणि एक रात्र त्या घरात राहा. खरंच राहा, गादी घेऊन जा. एकाच वेळी सगळे नळ सोडा, गीझर, पंखे आणि जेवढी जड उपकरणं मिळतील तेवढी एकदम लावा, ब्रेकर पडतो का बघा. विजेची गळती पकडणाऱ्या ब्रेकरवरचं तपासणीचं बटण दाबा, वीज लगेच गेली पाहिजे. बाथरूममध्ये मनसोक्त अंघोळ करा, पाणी निचऱ्याकडे जातं की दाराकडे ते बघा. रात्री दिवे घालवून कुठे थेंब पडतोय का ते ऐका. प्रत्येक दार दहा वेळा लावा.

आणि सकाळी खालच्या मजल्यावर जाऊन, त्यांची परवानगी घेऊन, स्टुलावर चढून छताला हात लावून या.